सृष्टी नेमक्या किती? दोन, तीन, पाच… आणि कार्ल वूजच्या काळ्या फिल्म

(ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा बस-लोकलमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे ना' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

 

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पठ्ठ्या नीटची तयारी करतोय. आवाजात जरा वैताग होता. म्हणाला, "दादा, आठवीत आम्हाला पाच सृष्टी शिकवल्या. अकरावीतही पाचच, पण कोपऱ्यात लिहिलंय की सहासुद्धा धरतात. क्लासचे सर म्हणतात तीन डोमेन. यूट्यूबवर एक जण सात सांगतो. अरे, सजीव तेच, पृथ्वी तीच, मग आकडा का बदलतो? खरं उत्तर काय?"

मित्रा, आधी परीक्षेचं उत्तर घे. पेपरात पुस्तकात असेल तेच लिही आणि मार्क पदरात पाडून घे. माझ्या नावावर वाद घालू नकोस, सर ऐकणार नाहीत.

पण तुझा प्रश्न मला भारी आवडला. कारण हा आकडा बदलण्यामागे एक गोष्ट आहे, आणि मला ती कुठल्याही वेबसिरीजपेक्षा कमी वाटत नाही. त्यात डेल्फ्टचा कापडवाला आहे, दहा वर्षं काळ्या ठिपक्यांकडे बघत बसलेला एक माणूस आहे, आणि नोबेलवाल्याने केलेला एक फोन आहे. आणि शेवटी आपल्या नाशिकची द्राक्षबागही येणार आहे, ती उगाच नाही.

सगळ्या गोष्टीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तो आधीच सांगून ठेवतो. दोन जीव 'एका घरातले' हे कशावरून ठरवायचं? दिसण्यावरून? खाण्यावरून? की पूर्वज एक आहेत म्हणून? चला, सुरू करू.

दोन कप्प्यांची दुनिया

माणसाने सजीवांचे पहिले दोन कप्पे केले ते कुणी शिकवलं म्हणून नाही. एक जागचं हलत नाही, हिरवं असतं, ती वनस्पती. दुसरं हलतं, खातं, चावतं, तो प्राणी. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिलं, त्याचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने वनस्पतींवर. पुढची जवळजवळ दोन हजार वर्षं हे असंच चाललं.

याला शिस्त लावली स्वीडनच्या कार्ल लिनियसने. साल १७३५. वय अठ्ठावीस. त्याने हॉलंडमध्ये 'सिस्टिमा नॅचुरे' नावाचं पुस्तक छापलं. पुस्तक कसलं, मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पानं! त्यात निसर्गाची तीन राज्यं होती: खनिजं, वनस्पती आणि प्राणी. हो, दगडसुद्धा होते. दगड बाजूला काढले की सजीवांच्या उरल्या दोन सृष्टी. म्हणून आपल्या पुस्तकात 'लिनियस, १७३५, दोन सृष्टी' असं येतं.

इथे 'सृष्टी' या शब्दावर जरा थांबू. लिनियसचा लॅटिन शब्द होता 'रेग्नम', म्हणजे राज्य. राजा असतो, सीमा असतात, आणि सीमेवरचं गाव एका बाजूला असतं नाहीतर दुसऱ्या. मराठीत आपण 'सृष्टी' म्हणतो, त्यात सीमेचा वास येत नाही. पण भांडण कायम सीमेवरच्या गावांवरूनच झालंय, हे लक्षात ठेवा.

पहिलं सीमेवरचं गाव म्हणजे बुरशी आणि अळंबी. पावसाळ्यात उगवणारी अळंबी हलत नाही, पण हिरवीही नाही, तिला पान नाही, फूल नाही. लिनियसने वनस्पतींचे चोवीस वर्ग केले होते, ते प्रामुख्याने फुलातल्या पुंकेसरांवरून. ज्यांची फुलंच दिसत नाहीत ते सगळे त्याने चोविसाव्या वर्गात टाकले: शेवाळं, नेचे, बुरशी. त्या वर्गाच्या नावाचा अर्थ होतो 'छुपं लग्न'. म्हणजे यांचं लग्न होतं, पण आपल्याला पत्रिका येत नाही! घरात सापडलेली विचित्र वस्तू आपण ज्या ड्रॉवरमध्ये टाकतो ना, तसा तो वर्ग. बुरशी त्यात पडली आणि पुढे दोनशे वर्षं 'वनस्पती' म्हणूनच मिरवली.

थेंबातली गर्दी

दुसरं गाव डोळ्यांना दिसतच नव्हतं.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हॅन लिव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचं शिक्षण नाही, लॅटिन येत नाही. पण भिंगं घासण्यात याचा हात कुणी धरू शकत नव्हता. १६७४ मध्ये त्याने जवळच्या तळ्यातलं पाणी आपल्या छोट्याशा भिंगाखाली धरलं, आणि त्यात काहीतरी पळताना दिसलं. १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र पाठवलं. लोकांचा विश्वास बसेना. सोसायटीने स्वतः प्रयोग करून खात्री केली तेव्हा कुठे मान्य झालं. पुढे त्याने स्वतःच्या दातांवरचं किटण बघितलं, तिथेही गर्दी!

म्हणजे लिनियसच्या जन्माआधीच सूक्ष्मजीव माहीत झाले होते. मग त्याने त्यांचं काय केलं? आपल्या पुस्तकाच्या बाराव्या आवृत्तीत त्याने बऱ्याच सूक्ष्म प्राण्यांना कृमींच्या वर्गात एक जागा दिली आणि त्या प्रजातीचं नाव ठेवलं 'केऑस'. केऑस म्हणजे गोंधळ. मला हे फार प्रामाणिक वाटतं. जगाला नावं वाटणारा माणूस एका खणावर चक्क 'गोंधळ' अशी चिठ्ठी लावतो.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि गोंधळ वाढला. युग्लिना हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हिरवी आहे, हरितद्रव्य आहे, उन्हात स्वतःचं अन्न बनवते. म्हणजे वनस्पती. पण शेपटीसारखा कशाभिका हलवत पोहते, उजेड ओळखते, अंधारात ठेवली तर तयार अन्न शोषून जगते. म्हणजे प्राणी? वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही युग्लिना आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही युग्लिना. एकाच माणसाचं नाव दोन गावांच्या मतदारयादीत असावं तसं.

१८६६ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने तिसरी सृष्टी काढली: प्रोटिस्टा. जे धड वनस्पती नाहीत, धड प्राणी नाहीत, ते सगळे इथे. पण हेकेलने दुसरीही एक गोष्ट केली, आणि ती जास्त महत्त्वाची. डार्विनचं पुस्तक येऊन सातच वर्षं झाली होती. हेकेलने सजीवांचा चक्क वृक्ष काढला. एक खोड, त्याला फांद्या. म्हणजे कप्पे नुसते सोयीचे नकोत, ते वंशावळीप्रमाणे हवेत, ही कल्पना तिथे चित्रातून समोर आली.

कल्पना छान होती. पण वंशावळ शोधायची कशी? हाडं असलेल्या प्राण्यांचे निदान जीवाश्म सापडतात. जीवाणूचं काय शोधणार? एक गोळा, एक काडी, एक वळलेली काडी. संपला सगळा चेहरामोहरा.

केंद्रक आणि जेवण

विसाव्या शतकात एक मोठा फरक हळूहळू लक्षात आला. काही पेशींत केंद्रक असतं, म्हणजे डीएनए वेगळ्या खोलीत ठेवलेला असतो. काहींत तशी खोलीच नसते, सगळा वन रूम किचनचा कारभार. फ्रान्सच्या एदुआर शाताँने १९२५ मध्ये यासाठी शब्द काढले, ज्यांना आपण आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी म्हणतो. पुस्तकात त्याचं नाव 'चॅटन' असं असतं, तोच हा. १९३८ मध्ये अमेरिकेच्या हर्बर्ट कोपलँडने केंद्रक नसलेल्यांना प्रोटिस्टांमधून बाहेर काढलं, झाल्या चार सृष्टी.

आणि मग आपले आठवीतले ओळखीचे रॉबर्ट व्हिटाकर. हे मुळात परिस्थितिकीचे माणूस. जंगलात कोण काय खातं, कुणाचं काय कुजतं, हे बघणारे. त्यामुळे त्यांचा प्रश्नच वेगळा होता: हा जीव जेवतो कसा? वनस्पती स्वतः स्वयंपाक करते. प्राणी तयार ताट पोटात ढकलतो. आणि बुरशी? ती पोटाबाहेरच अन्न पचवते. पाचकरस पावावर सोडते, पाव विरघळतो, मग ती तो शोषून घेते. हे जेवण वनस्पतीचं नाहीच! १९६९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखात व्हिटाकर यांनी पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. बुरशीची दोनशे वर्षांची चुकीच्या घरातली मुक्कामाची शिक्षा संपली.

ही मांडणी इतकी सुटसुटीत होती की जगभरच्या शाळांनी ती उचलली. आपणही पाठ केली. मी तर 'मोप्रोकवप्रा' असा शब्द करून पाठ केली होती, अजून विसरलो नाही.

पण एक सीमा तशीच राहिली. मोनेरा. ज्याला केंद्रक नाही तो मोनेरा. आता बघा, 'ज्याच्याकडे अमुक नाही' यावरून घर कसं ठरेल? ज्यांच्याकडे गाडी नाही ते सगळे एका कुटुंबातले, असं आपण म्हणतो का? पण तपासायची सोय नव्हती, म्हणून कुणी फारसं विचारत नव्हतं. एक जण सोडून.

दहा वर्षं, काळे ठिपके

कार्ल वूज. जन्म १९२८, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. शिकला गणित आणि भौतिकशास्त्र, डॉक्टरेट जीवभौतिकीत. १९६४ पासून इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना गावात. म्हणजे हा जीवशास्त्राच्या घरात बाहेरून आलेला.

त्याच्या डोक्यात एक विचार होता. समजायला सोपा जावा म्हणून आपल्याकडचं उदाहरण देतो. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताने उतरवल्या जात. उतरवताना चुका होत. पुढचा माणूस ती चूकसुद्धा इमानदारीत उतरवी आणि स्वतःची एक नवी भर घाली. म्हणूनच तर एकनाथांना पाठ शुद्ध करायला बसावं लागलं. आता समजा तुमच्यासमोर पन्नास पोथ्या आहेत. दोन पोथ्यांत नेमकी तीच चूक त्याच ओवीत आहे, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असणार. चुकांवरून पोथ्यांची वंशावळ काढता येते! पोथीचं बासन लाल आहे की पिवळं, याचा काही संबंध नाही.

वूजला हवी होती अशी एक पोथी, जी प्रत्येक सजीवाकडे आहे. जीवाणूकडे, आंब्याकडे, माझ्याकडे, तुमच्याकडे. ती त्याला सापडली रायबोसोममध्ये. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना. प्रथिनांशिवाय पेशी चालत नाही, म्हणून हा कारखाना सगळ्यांकडे. आणि त्यात फार बदल परवडत नाहीत, म्हणून तो अब्जावधी वर्षांत अगदी सावकाश बदललाय. या कारखान्यातल्या आरएनएचा एक तुकडा त्याने निवडला. जीवाणूत त्याला '१६एस' म्हणतात, लांबी साधारण दीड हजार अक्षरं.

आज हे काम मशीन झटपट करतं. तेव्हा असं काही नव्हतं. जीवाणूंना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घालायचा, म्हणजे त्यांचा आरएनए किरणोत्सारी होतो. मग विकराने त्या आरएनएचे बारीक तुकडे करायचे, विजेच्या प्रवाहाने ते कागदावर पसरवायचे, आणि वर एक्स-रेसारखी फिल्म ठेवायची. जिथे तुकडा, तिथे काळा ठिपका. मग ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची आणि ठिपक्यांच्या जागांवरून ओळखायचं की हा तुकडा कुठल्या अक्षरांचा. एका जीवाच्या कामालाच महिने जायचे. वूजने हे साठच्या दशकाच्या शेवटापासून केलं. वर्षानुवर्षं. दिवसभर फिल्म, ठिपके, पुन्हा फिल्म. भेजा बधिर करणारं काम आहे हे तो स्वतःही कबूल करायचा. दुसऱ्या कुणाला या कामात रस नव्हता. फिल्म वाचण्यात त्याच्या इतका तयार डोळा क्वचितच कुणाचा असेल, आणि पुढे हेच त्याच्या विरोधात गेलं.

१९७६. त्याच विद्यापीठात राल्फ वुल्फ नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. ते मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करायचे. या जीवांना ऑक्सिजन विषासारखा. ते राहतात दलदलीच्या चिखलात, गाईच्या पोटात. आपल्या गावाकडे शेणाचा गोबरगॅस असतो ना, त्या टाकीत मिथेन बनवण्याचं काम यांचंच. तोवर सगळे त्यांना जीवाणूच म्हणत होते. दिसायला तसेच, केंद्रक नाही, विषय संपला.

वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतून या जीवांचा माल वूजकडे आला. फिल्म तयार झाली. वूज बघतो तर काय, जे काही ठिपके प्रत्येक जीवाणूच्या फिल्मवर हमखास असतात, ते इथे नाहीतच. त्याला वाटलं काहीतरी चुकलं, दुसऱ्या कुणाचा आरएनए आला असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हा आरएनए जीवाणूंशी जुळत नव्हता आणि केंद्रकवाल्यांशीही जुळत नव्हता. वूजने आपला सहकारी जॉर्ज फॉक्सला गाठलं आणि सांगितलं की हे जीवाणू नाहीतच.

पन्नास पोथ्यांच्या ढिगात एक वेगळीच पोथी निघाली होती. बासन जीवाणूंचं, आत मजकूर तिसराच.

नोव्हेंबर १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांचा लेख आला. सजीवांची मुळातली घराणी दोन नाहीत, तीन आहेत. लेखाबरोबर पत्रकारांनाही बातमी दिली गेली आणि ३ नोव्हेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ती झळकली. पृथ्वीवर जीवांचा तिसरा प्रकार सापडला!

आता तुम्हाला वाटेल, लगेच टाळ्या, सत्कार. उलटं झालं. बऱ्याच शास्त्रज्ञांनी लेख वाचायच्या आधी पेपर वाचला आणि ते खवळले. हा कोण वूज? सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला नाही, ठिपके बघतो आणि पेपरात फोटो छापून आणतो? वुल्फ यांनी नंतर स्वतः एक आठवण सांगितली आहे. त्या दिवसांत त्यांना साल्वाडोर लुरिया यांचा फोन आला. लुरिया म्हणजे १९६९ चे नोबेल विजेते. त्यांचा सल्ला एकच: या मूर्खपणापासून दूर व्हा, नाहीतर तुमची कारकीर्द संपेल. वुल्फ यांचं नाव त्या कामातल्या एका लेखावर सहलेखक म्हणून होतं. त्यांना लाजेने कुठेतरी लपून बसावंसं वाटलं. पण त्यांनी साथ सोडली नाही.

अमेरिकेत ही अवस्था असताना आधार मिळाला जर्मनीतून. म्युनिकचे ऑटो कांडलर पेशीभित्तिकांचा अभ्यास करायचे. जीवाणूंच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नावाचा माल हमखास असतो. मिथेनवाल्यांच्या भिंतीत तो नव्हता. ठिपक्यांशी काही संबंध नसलेला, पूर्ण वेगळा पुरावा. मग एकेक जण सापडत गेले. मिठागराच्या खारट पाण्यात राहणारे आले, उकळत्या आम्लाच्या झऱ्यात राहणारे आले, आणि सगळे त्याच तिसऱ्या घराण्यात बसले. त्यांना आज आपण आर्किया म्हणतो. १९९० मध्ये वूज, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सृष्टीच्याही वरची पायरी मांडली, ती म्हणजे डोमेन. तीन डोमेन: जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. १९९६ मध्ये एका आर्कियाचा पूर्ण जीनोम वाचला गेला, तेव्हा त्यातले निम्म्याहून जास्त जनुक तोवर कुठेच न दिसलेले निघाले.

पण उपयोग काय?

तरीही भांडण मिटलं नाही. १९९८ मध्ये नव्वदी ओलांडलेले अर्न्स्ट मायर मैदानात उतरले. मायर म्हणजे उत्क्रांतीशास्त्रातलं वजनदार नाव, आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासात गेलेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वर्गीकरण माणसाच्या उपयोगासाठी असतं. आर्किया आणि जीवाणू दोघंही केंद्रक नसलेले, साधे, एकसारखे. दुसरीकडे किडा, वड, हत्ती, माणूस एवढी विविधता. आणि तुम्ही त्या दोन सूक्ष्म गटांना या सगळ्यांच्या बरोबरीने बसवता? वूजचं उत्तर होतं की डोळ्यांना दिसणारी विविधता हा आपल्या डोळ्यांचा दोष आहे, जीवसृष्टीचा इतिहास त्यात मावत नाही.

मायर यांचा प्रश्न मला सोडून द्यावासा वाटत नाही. उपयोग काय? आपण सामान्य माणसांनी का लक्ष द्यावं?

यासाठी तुम्हाला निफाडकडे नेतो, माझ्या मामांच्या द्राक्षबागेत. मामा दोन रोगांची नावं झोपेतही घेतात: भुरी आणि डाऊनी. भुरीत पानांवर, मण्यांवर राखेसारखी पांढरी पूड धरते. डाऊनीत पानाच्या वर पिवळे तेलकट डाग पडतात आणि खालच्या बाजूने पांढरी बुरशी येते. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की मामांचा फोन लागत नाही, ते फवारणीच्या पंपाला जुंपलेले असतात. दोन्हींना ते 'बुरशी'च म्हणतात. पण मी एकदा विचारलं, दोन्हीला एकच औषध का नाही मारत? तर म्हणाले, "भुरीचं औषध डाऊनीला लागू पडत नाही रे, पैसे पाण्यात."

कारण असं आहे. भुरी ही खरी बुरशी. डाऊनी बुरशीच नाही! ती ऊमायसीट नावाच्या गटातली, आणि तिचे जवळचे नातेवाईक आहेत समुद्रातली तपकिरी शैवालं. भुरीवरची बरीचशी औषधं खऱ्या बुरशीच्या पेशीतला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ बनू देत नाहीत. डाऊनी तो पदार्थ बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक उद्ध्वस्त करून लाखो माणसांचा जीव घेणारा करपा, तोही याच ऊमायसीटांपैकी.

गंमत म्हणजे शेतकऱ्यांना हा फरक जीवशास्त्रज्ञांच्या आधी अनुभवाने कळला होता. फ्रान्सच्या द्राक्षबागांत भुरी आली तेव्हा गंधकाने ती आटोक्यात आली. १८७८ मध्ये डाऊनी आली, तेव्हा गंधक चालेना. शेवटी मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण कामी आलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. पुस्तकात दोघी एका कप्प्यात होत्या, बागेत त्यांची औषधं वेगळी होती.

दुसरं उदाहरण बोलताना मला जरा जड जातं. २०२१ चा मे महिना आठवा. कोविडची दुसरी लाट आणि मागून म्युकरमायकोसिस, ज्याला सगळे 'काळी बुरशी' म्हणू लागले. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये खूप रुग्ण होते. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अक्षरशः भीक मागितली जात होती. मिळालं तरी डॉक्टर मूत्रपिंडावर डोळा ठेवून देत होते, कारण त्या औषधाने त्यांना इजा होऊ शकते.

का? जीवाणू मारायला आपल्याकडे इतकी औषधं आहेत, बुरशीला इतकी कमी आणि इतकी जड का? तर वूजने दाखवलेल्या वाटेने, रायबोसोमच्या आरएनएवरून, १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी बुरशीचं नातं तपासलं. बुरशी वनस्पतींच्या जवळची नाही. ती आपल्या जवळची आहे! प्राणी आणि बुरशी ही एकाच फांदीवरची भावंडं. जीवाणूची पेशी आपल्यापेक्षा खूप वेगळी, म्हणून फक्त तिला लागेल असा नेम धरता येतो. बुरशीची पेशी आतून बरीचशी आपल्यासारखी. तिच्यावर मारलेला दगड आपल्यालाही लागतो. अॅम्फोटेरिसिन तिच्या एर्गोस्टेरॉलला पकडतं, आणि आपल्या पेशींत त्याचाच भाऊ बसलेला असतो, कोलेस्टेरॉल.

म्हणून मायर यांना माझं नम्र उत्तर: नातं ओळखण्याचा उपयोग आहे. कुठलं औषध कुठे चालेल आणि कुणाला लागेल, हे दिसण्यापेक्षा नात्यावरून जास्त कळतं.

मग आकडा किती?

आता आपल्या नीटवाल्या मित्राकडे परत येऊ. पाच हा आकडा व्हिटाकरांचा: केंद्रक, पेशींची रचना आणि जेवण बघून केलेला. सहा होतात मोनेराचे जीवाणू आणि आर्किया असे दोन भाग केले की. सात करणारे प्रोटिस्टांमधून तपकिरी शैवालं, ऊमायसीट वगैरेंना वेगळी सृष्टी देतात. तीन डोमेन हा वूजचा, वंशावळीचा हिशोब. कुणी खोटं बोलत नाहीये. प्रत्येक जण वेगळा प्रश्न विचारून मोजतोय.

आणि तीनसुद्धा आता डळमळतंय. २०१५ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रतळाच्या गाळातून काही आर्कियांचे जनुक सापडले. नॉर्स पुराणातल्या लोकी या देवाचं नाव त्यांना मिळालं. त्यांच्यात असे जनुक निघाले जे केंद्रकवाल्यांचीच मालमत्ता समजले जायचे. जपानच्या गटाने अशाच एका नातेवाइकाला प्रयोगशाळेत वाढवलं, त्याला बारा वर्षं लागली, आणि २०२० मध्ये त्यांचा लेख आला. आज बऱ्याच संशोधकांना वाटतं की आपण, म्हणजे वड, बुरशी, हत्ती, माणूस सगळे, आर्कियांच्याच एका फांदीतून फुटलोय. तसं असेल तर मूळ डोमेन उरतात दोनच.

वूज हे बघायला नव्हता. ३० डिसेंबर २०१२ ला तो गेला. २००३ मध्ये स्वीडनचा क्राफुर्ड पुरस्कार त्याला मिळाला होता. नोबेल मिळालं नाही. पण ज्या कामाला 'मूर्खपणा' म्हटलं गेलं होतं, तीच त्याची पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रोजची झाली. आज एखाद्याच्या आतड्यातले, मातीतले, नदीतले जीवाणू ओळखायचे असले की हमखास तोच १६एसचा तुकडा वाचतात.

तर मित्रा, पेपरात 'पाच' लिही. बिनधास्त लिही. फक्त त्याच्या पुढे मनातल्या मनात 'व्हिटाकर, १९६९' असं लिहून ठेव, म्हणजे तो आकडा कुणीतरी, कधीतरी, कशावरून तरी मोजलेला आहे हे विसरणार नाहीस.

आणि बाकी मंडळी, तुमच्यापैकी कुणाच्या घरी द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो असेल, तर घरच्यांना एक विचारा: कुठल्या रोगाला कुठलं औषध चालत नाही? उत्तरं मला व्हॉइस मेसेजने पाठवा. रोगाचं तुमच्या गावातलं नाव जरूर सांगा. त्यातून पुढचा एखादा भाग नक्की होईल.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि फ्रीजमधल्या पावावर बुरशी दिसली तर टाकून द्या, भावंड असलं तरी!